एकास बत्तीस

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस तीनबत्तीच्या बाजारात मावळे उतरतात. रस्त्याच्या कडेला ताडपत्री, ताडपत्रीवर पेंढा आणि पेंढ्यात उभे-आडवे पडलेले भालेवाले, तुतारीवाले, एक गुडघा टेकून बसलेले तोफची. सगळे एकाच साच्यातून निघालेले, त्यामुळे सगळ्यांच्या मिशा एकाच बाजूला झुकलेल्या. लोक येतात, हाताला येईल तो मावळा उचलतात, घासाघीस करतात आणि पिशवीत टाकतात. आमचे प्रमाणकाका मात्र ताडपत्रीसमोर उकिडवे बसतात आणि सदऱ्याच्या खिशातून स्टीलची फुटपट्टी काढतात.

"बाई, हा किती मिलिमीटर?"

"वीस रुपये."

"तसं नाही. उंची विचारतोय."

"उंच हवा तर तो घ्या. पन्नासला."

"अहो, पण हा एकास बत्तीस आहे का?"

"बत्तीस कशाला देता, दादा? एकाला वीसच घेते मी."

असा प्रामाणिक धंदा भिवंडीतच होऊ शकतो, असं म्हणून काका गहिवरतात आणि दोन डझन मावळे घेतात. घरी आणून मोजल्यावर त्यातले सात प्रमाणात बसतात. उरलेले सतरा आळीतल्या पोरांना फुकट मिळतात. पोरं त्यासाठी दारात टपूनच असतात.

काकांचं खरं नाव पोस्टमनला आणि काकूंना ठाऊक असावं. बाकी आळीला ते प्रमाणकाकाच. पस्तीस वर्षं सायझिंगमध्ये सुपरवायझर होते. भिवंडीबाहेरच्या वाचकांसाठी इथं खुलासा करायला हवा, की आमच्याकडे सायझिंग म्हणजे मापं काढणं नव्हे. लूमवर चढण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावतात, वाळवतात, बीमवर गुंडाळतात, त्याला सायझिंग म्हणतात. काकांच्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीत पुण्याच्या पाहुण्यांनी "सायझिंग म्हणजे शर्टांचे साइझ का?" असं विचारलं होतं. काकांनी त्यांना अर्धा तास खळीचं गणित समजावलं. लग्न ठरलं, पण पाहुण्यांनी पुन्हा काकांना कधी कामाबद्दल विचारलं नाही.

तरी मापाची खोड त्यांना लागली ती कापडातूनच. एका इंचात उभे तार किती, आडवे किती, हे मोजायचं घडीचं छोटं भिंग असतं. काका रिटायर झाले, भिंग झालं नाही. आता त्यातून ते मावळ्याचे डोळे शोधतात.

डोळे का, ते पुढं येईलच.

या सगळ्याला आग लावली ती त्यांच्या जर्मनीतल्या भाच्यानं. पहिल्या सुट्टीत तो मामासाठी न्युरेंबर्गहून कथलाचा एक शिपाई घेऊन आला. पापडासारखा चपटा, बोटाच्या पेराएवढा. दुसऱ्या कुणी तो शोकेसमध्ये ठेवला असता. काकांनी मोजला. तीस मिलिमीटर. मग भाच्याच्या मागं लागून त्यांनी त्या तीस मिलिमीटरचा वंशवृक्ष काढला. न्युरेंबर्गच्या हाइनरिक्सेन नावाच्या कारखानदारानं १८४८ च्या सुमारास ठरवलं, की आपले शिपाई साधारण या मापाचेच करायचे. हळूहळू बाकीच्यांनी ते मानलं, त्यामुळे वेगवेगळ्या कारखान्यांचे शिपाई एकाच सैन्यात खांद्याला खांदा लावून उभे राहू लागले.

"बघ," काका मला म्हणाले, "१८४८ साली यांचं ठरलं. आपल्याकडे अजून दहावाला, वीसवाला, पन्नासवाला!"

त्यानंतर काकांना ऐकणारा माणूस हवा होता आणि मी शेजारी राहतो. त्यामुळे आज मला पुढील गोष्टी माहीत आहेत. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांनी आतून पोकळ असे शिशाचे शिपाई काढले. पोकळ म्हणून शिसं कमी, शिसं कमी म्हणून स्वस्त. त्यांची उंची ५४ मिलिमीटर, कारण तेव्हाच्या एका चालू मापाच्या खेळण्यातल्या आगगाडीशेजारी ते शोभून दिसायला हवे होते. ते माप साधारण एकास बत्तीस. जपानच्या तामिया कंपनीनं १९६१ च्या सुमारास पँथर रणगाडा काढला, त्यात मोटर आणि बॅटऱ्या बसल्या पाहिजेत म्हणून तो हवा तेवढा मोठा केला. नंतर हिशेब केला तर तो निघाला एकास पस्तीस. आता जगभरचे रणगाडे आणि त्यांचे शिपाई त्याच मापात होतात. छोट्या विमानांचं एकास बहात्तर, कारण त्यात सहा फुटी माणूस बरोब्बर एक इंचाचा होतो. हे शेवटचं सांगताना काकांचा आवाज भजनातल्यासारखा होतो. "एक इंच! काय सुबक आहे बघ!"

मी एकदा म्हटलं, "म्हणजे काका, जगात शिपायाची उंची ठरली ती आगगाडीवरून आणि बॅटरीवरून. मग आपली वीस रुपयांवरून ठरली तर बिघडलं कुठं?"

काका तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी वाटी घेऊन आले. काकूंनी साखर मागितली होती. जाताना म्हणाले, "रुपया दर वर्षी घसरतो. मिलिमीटर घसरत नाही." तीन दिवस ते हेच शोधत होते.

आता डोळ्यांचं. शिपाई कुठून कुठपर्यंत मोजायचा यावरून या छंदातल्या मंडळींत दोन तट आहेत. एक म्हणतो तळपायापासून डोक्याच्या टाळूपर्यंत. दुसरा म्हणतो टाळू कुणाला दिसते, टोपीखाली झाकलेली असते, म्हणून डोळ्यांपर्यंत मोजा. काका दुसऱ्या तटात सामील झाले, कारण आपल्या मावळ्याला पगडी असते आणि पगडी किती उंच हे साचा करणाऱ्याच्या मर्जीवर. पण वीस रुपयांच्या मावळ्याचे डोळे रंगवणारी बाई दिवसाला शेकडो डोळे रंगवते. एखाद्याचे कपाळावर जातात, एखाद्याचे मिशीत. भिंग लावून काकांनी एक मावळा मोजला तर डावा डोळा ४८ मिलिमीटरवर आणि उजवा ५१ वर. त्यांनी सरासरी काढली.

काकू हे सगळं भाजी निवडता निवडता बघतात. "अहो, साठी उलटली, आता तरी बाहुल्या सोडा," असं त्या वर्षातून एकदा म्हणतात. त्यावर काकांकडे पाठ केलेलं उत्तर आहे. एच. जी. वेल्स हा केवढा कादंबरीकार, त्यानं १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांची लढाई कशी लढावी यावर पुस्तक लिहिलं, चांगला छेचाळीस वर्षांचा बाप्या जमिनीवर रांगत होता! "त्याची बायको जमीन पुसायची का?" असं काकू विचारतात. याला काकांकडे उत्तर नाही.

मोजायला नेहमी शिपाईच लागतो असंही नाही. कल्याण नाक्यावर वाढदिवसाचा फलक लागला, की काका स्कूटर बाजूला घेतात. वर मोठ्या साहेबांचा हसरा चेहरा, त्याखाली दादा, त्याखाली भाऊ, आणि तळाशी पोस्टाच्या तिकिटाएवढे वीस-पंचवीस शुभेच्छुक. काका बोट दाखवून वाचतात, "साहेब एकास एक. दादा एकास सहा. हे भाऊ एकास बारा. आणि खालचे सगळे एकास बहात्तर." मागच्या निवडणुकीनंतर त्यातला एक तळाचा शुभेच्छुक वरच्या ओळीत गेला. काकांनी घरी येऊन सांगितलं, "तो अमका एकास चोवीस झाला." आता आळीत हीच भाषा आहे. कुणाच्या मुलाला नोकरीत बढती मिळाली तर माप वाढलं म्हणतात.

पण काकांचा खरा हंगाम वसुबारसेला सुरू होतो, आणि त्यामागं त्यांच्या मते इतिहास आहे. महाराजांच्या फौजेनं कल्याण-भिवंडी घेतली ती २४ ऑक्टोबर १६५७ रोजी. तिथी आश्विन वद्य द्वादशी, म्हणजे वसुबारस. "आपलं गाव स्वराज्यात आलं तेच मुळी किल्ला करायच्या दिवशी!" हे वाक्य काका पोरांना मातीत पाणी ओतण्यापूर्वी सांगतात. पोरं दर वर्षी नव्यानं ऐकल्यासारखं ऐकतात, कारण त्याशिवाय पाण्याची बादली मिळत नाही.

भिवंडीचा किल्ला पुण्याच्या किल्ल्यासारखा नसतो. माती कमी, सामान फार. आत विटा आणि गोदामातून आलेली खोकी, त्यावर सायझिंगमधली गोणपाटं, त्यावर चिखल. सुताचे कागदी कोन उलटे ठेवून काळा रंग दिला की टेहळणीचे मनोरे तयार. पद्मानगरातल्या एका पोरानं एकदा लूमवरचा सुताचा कचरा पिंजून रायगडावर ढग केले होते. सात इंचांचा कोन बत्तिसानं गुणला तर अठरा-एकोणीस फुटांचा मनोरा होतो, हे कळल्यापासून कोनावर काकांची मर्जी आहे. ढगांना त्यांनी परवानगी दिली, कारण ढगाला माप नसतं.

गवताला मात्र असतं. किल्ल्यावर अळीव पेरतात. चार-पाच दिवसांत हिरवागार डोंगर होतो, आयाबाया कौतुक करतात. काका फुटपट्टी लावतात. तीन इंच गुणिले बत्तीस, शहाण्णव इंच, म्हणजे आठ फूट. "आठ फूट गवत! यात मावळा कुठं दिसायचा? हत्ती हरवेल!" मग लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, अख्खं गाव उटण्याच्या वासात असताना, प्रमाणकाका पाटावर बसून काकूंच्या शिवणाच्या कात्रीनं रायगडाचं गवत कापत असतात. पाव इंच ठेवायचं, म्हणजे आठ इंचांचं होतं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वाढलेलं असतं. ही सेवा भाऊबीजेपर्यंत चालते.

एका वर्षी पोरांनी हट्ट धरला, की आपल्या जिल्ह्यातला माहुली करू. सहलीला जाऊन आली होती सगळी. माहुली महाराजांकडे आला जानेवारी १६५८ मध्ये, म्हणजे आपल्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, त्यामुळे काकांना तो धाकट्या भावासारखा वाटला. त्यांनी वही काढली. उंची २,८१५ फूट, भागिले बत्तीस, अठ्ठ्याऐंशी फूट. आमची इमारत तीन मजल्यांची आहे. काका गच्चीकडे बघत म्हणाले, "ही उंची समुद्रसपाटीपासूनची आहे. आसनगावची वजा करू." वजा केली तरी तो पाण्याच्या टाकीच्या वर जात होता. माहुली रद्द झाला.

मग ठरलं, की रायगडच करायचा, पण यंदा खरा, प्रमाणात. महादरवाजाच्या दोन बाजूंचे बुरूज, एक ७५ फूट, दुसरा ६५. म्हणजे एक अठ्ठावीस इंच आणि दुसरा चोवीस. खळीचा रिकामा ड्रम आला, त्याभोवती गोणपाट, त्यावर माती. मोठा बुरूज उभा राहिला तेव्हा धनत्रयोदशी उलटली होती आणि अंगण संपलं होतं. दुसरा बुरूज, दरवाजा, बालेकिल्ला, टकमक टोक, बाजारपेठ, सगळं जागेअभावी राहिलं. बुरुजाच्या पायथ्याशी काकांनी निवडलेले सात अस्सल मावळे उभे केले. ते कुणालाही दिसले नाहीत. दूधवाल्यानं विचारलं, "काका, नवी टाकी बसवली का?"

काकांचे एक जुने मित्र आहेत, लूमवरचे जॉबर, सगळे त्यांना मास्टर म्हणतात. दर दिवाळीला फराळाला येतात, ईदला शीरखुर्मा पाठवतात. त्यांनी बुरुजाभोवती एक चक्कर मारली, ड्रमवर टिचकी वाजवली आणि गंभीरपणे म्हणाले, "काका, नाप बराबर है. किला किधर है?"

त्या वर्षी पोरांनी बंड केलं. पुढच्या वर्षीपासून किल्ला पोरांचा आणि काकांकडे फक्त गवत, असा तह झाला. तहानंतरच्या पहिल्याच किल्ल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या चिमीनं चार इंच उंचीचा वाघ आणून ठेवला. शेजारचा हत्ती त्याच्या खांद्याला लागत होता. काकांनी मनातल्या मनात गुणाकार केला, तो त्यांच्या ओठांवर दिसला. साडेदहा फुटांहून उंच वाघ.

"चिमे, हा वाघ प्रमाणात नाही."

"आजोबा, तो जवळ आलाय म्हणून मोठा दिसतो."

काका बराच वेळ सुपारी चघळत उभे राहिले. मग खाली वाकून त्यांनी वाघ चार बोटं पुढं ओढला आणि हत्ती मागं ढकलला. "आता बरोबर," म्हणाले.

याच काळात एका मंडळानं त्यांना किल्ले-स्पर्धेचे परीक्षक नेमलं. एवढा अभ्यासू माणूस, दुसरं कोण मिळणार? काकांनी अठरा किल्ले पाहिले आणि प्रत्येकाला लेखी शेरा दिला. "बुरूज सुबक. मावळा बुरुजाहून उंच. तोफेपेक्षा गोळा मोठा. विहिरीवरची बाई विहिरीत मावत नाही. दहापैकी तीन." सर्वांत जास्त गुण मिळाले ते एका घराला. तिथं मावळे आणायचे राहून गेले होते, त्यामुळे चूक सापडली नाही. पालकांनी गिल्ला केला. पुढच्या वर्षी परीक्षक बदलले. काका तरीही जातात आणि शेरे तोंडी देतात.

सिंहासनाचा किस्सा सांगायचा राहिला. एका रात्री साडेदहाला काकांनी माझं दार वाजवलं. हातात वही, डोळ्यांत चमक. "बत्तीस मणांचं सिंहासन! आणि आपलं प्रमाण कितीचं? एकास बत्तीस! सुचलं कसं नाही आजवर?" आता त्यांना बत्तिसाव्या भागातल्या सिंहासनाला सोनं किती लागेल ते काढायचं होतं. मी झोपेत म्हटलं, एक मण. काकांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. लांबी बत्तिसावा भाग, रुंदी बत्तिसावा, उंचीही बत्तिसावा. म्हणून वजनाला बत्तीस गुणिले बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे ३२,७६८ नी भागायचं. चाळीस शेरांचा मण आणि ऐंशी तोळ्यांचा शेर धरला, तर बत्तीस मणांचे होतात १,०२,४०० तोळे. भागाकार, तीन तोळे आणि वर दीड मासा.

"फक्त तीन तोळे!" काका जरा मोठ्यानं म्हणाले. "एवढं तर घरात..."

पलीकडच्या दारात काकू उभ्या होत्या. त्यांचा हात आपोआप मंगळसूत्रावर गेला. वाक्य तिथंच राहिलं. सिंहासन शेवटी सोनेरी कागदाचं झालं.

त्या सिंहासनामुळेच काकांवर शेवटचा प्रसंग आला. सिंहासन प्रमाणात होतं, त्यात बसतील एवढे महाराज बाजारात मिळेनात. बसलेले महाराज पाच इंचांच्या खाली कुणी करतच नाही. पाच गुणिले बत्तीस, एकशे साठ इंच. म्हणजे नुसते बसलेले महाराज सव्वातेरा फुटांच्या वर. काका कल्याणला जाऊन आले, ठाण्याला जाऊन आले. एका कुंभारानं सांगितलं, "करून देईन की बारके. पण घेणार कोण? महाराज बारके कुणी नेत नाही." काका हात हलवत परत आले.

मी मुद्दाम नाक्यावरच्या फलकाची आठवण काढली. म्हटलं, "काका, शेवटी आपणही साहेब एकास एक आणि बाकीचे बहात्तर, असंच केलं की."

मला वाटलं, पुन्हा तीन दिवस गेले. पण काका शांतपणे म्हणाले, "फलकावरचा माणूस स्वतःच्या पैशानं मोठा होतो रे." आणि चिमीनं आणलेले पाच इंचांचे महाराज त्यांनी दोन्ही हातांनी उचलून सर्वांत वर ठेवले. सोनेरी कागदाचं सिंहासन त्यांच्यापुढं पाटासारखं दिसत होतं, ते काकांनी काढून खिशात घातलं. भिंग लावलं नाही. फुटपट्टीही नाही. नंतर खाली बसून गवत कापायला लागले.

यंदा आमच्या आळीत आलात तर किल्ला बघून जा. काकूंच्या चकल्या मिळतील, त्या सगळ्या एका मापाच्या असतात. किल्ल्याच्या पायथ्याशी पुठ्ठ्याची एक पाटी आहे, काकांच्या वळणदार अक्षरातली. वर लिहिलंय 'किल्ले रायगड', खाली 'प्रमाण १:३२', आणि त्याखाली कंसात, बारीक अक्षरात, 'महाराज व वाघ वगळून'.